ठिणगी केव्हा पडावी?

पेट्रोल-एंजिनाचे चार घात तुम्ही शाळेत शिकला आहात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत दट्ट्या सिलिंडरच्या अगदी वरच्या टोकाला पोचलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी स्पार्क प्लगमधून ठिणगी पडताना दाखवलेली असते. आकृती समजायला सोपी आहे, म्हणून तिच्याबद्दल तक्रार नाही. पण एखाद्या गाडीत ठिणगी खरोखर त्या क्षणी पाडली तर ती गाडी चढावर दम टाकील, तापेल आणि पेट्रोलही जास्त खाईल. प्रत्यक्षात दट्ट्या वर चढत असतानाच, तो टोकाला पोचण्याच्या थोडे आधी, ठिणगी पाडतात. वर येणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यावर आग पेटवायची, हे उफराटे वाटते. आणि ‘थोडे आधी’ म्हणजे किती आधी? जुन्या गाड्यांचे मिस्त्री ‘टायमिंग’ बसवतात तेव्हा ह्याच प्रश्नाचे उत्तर ते पाना फिरवून देत असतात.

आपण दट्ट्याच्या सर्वांत वरच्या जागेला शिरोबिंदू म्हणू. गॅरेजमध्ये तिला ‘टी. डी. सी.’ म्हणतात.

ठिणगी पडली की सिलिंडरमधले सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपाशी मोहरीएवढी ज्योत तयार होते, ती वाढते, आणि तिची आघाडी सरकत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्याला वेळ लागतो. दाब शिगेला पोचायला हवा तो दट्ट्या शिरोबिंदू ओलांडून खाली निघाल्यावर, साधारण १० ते १५ अंश पुढे. हे अंश क्रँक दंडाच्या फिरण्याचे. दाब त्याआधी वाढला तर तो चढत्या दट्ट्याला अडवतो. फार उशिरा वाढला तर दट्ट्या खाली निघून गेलेला असतो आणि वायूला प्रसरण पावून काम करायला वाव उरत नाही. मग ती उष्णता धुराड्यावाटे आणि रेडिएटरवाटे वाया जाते.

आता आकडे घेऊन पाहू. गाडी उभी आहे, एंजिन सावकाश चालू आहे, मिनिटाला ७५० फेरे. म्हणजे सेकंदाला १२.५ फेरे, अर्थात ४,५०० अंश. ठिणगी शिरोबिंदूच्या १० अंश आधी पडली आणि दाब शिरोबिंदूनंतर १५ अंशांवर शिगेला पोचला असे समजा. मधले २५ अंश फिरायला २५ भागिले ४,५००, म्हणजे सुमारे ५.६ सहस्रांश सेकंद लागतात. एवढा वेळ ज्वलनाला मिळाला.

आता एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले. सेकंदाला १८,००० अंश. ज्वलनाला पूर्वीइतकाच वेळ लागला असता, तर तेवढ्यात क्रँक १०० अंश फिरला असता; म्हणजे ठिणगी ८५ अंश आधी, दट्ट्या जेमतेम अर्ध्या वाटेवर असताना पाडावी लागली असती. असे एंजिन चालणार नाही. प्रत्यक्षात ह्या वेगाला सुमारे ३५ अंशांची आघाडी पुरते. ३५ आणि १५ मिळून ५० अंश, म्हणजे २.८ सहस्रांश सेकंद. एंजिनाचा वेग चौपट झाला तेव्हा जळण्याचा वेळ आपोआप निम्म्यावर आला!

हे कशामुळे? पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण शांत नळीत पेटवले, तर ज्योतीची आघाडी न पेटलेल्या वायूत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर एवढ्याच गतीने शिरते. पण एंजिनात ६ सेंटिमीटर अंतर २.८ सहस्रांश सेकंदांत कापले, तर गती सेकंदाला २१ मीटर होते. काही वाढ दाबलेल्या वायूच्या उष्णतेमुळे आणि जळालेला वायू फुगल्यामुळे होते. उरलेले काम भोवऱ्यांचे. वाल्वमधून जोराने आत शिरलेल्या मिश्रणात लहानमोठे भोवरे उठतात, त्यांनी ज्योतीची आघाडी चुरगळलेल्या कागदासारखी होते आणि तिचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. एंजिन जितके जोरात फिरेल तितके भोवरे प्रखर. ही सोय निसर्गानेच करून ठेवली नसती तर वेगवान पेट्रोल-एंजिन शक्यच झाले नसते, असे मला वाटते.

तरीही १० अंशांपासून ३५ अंशांपर्यंतचा बदल उरतोच. तो डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन लहान वजने करतात. दांडा जोरात फिरू लागला की ती स्प्रिंगांना ताणून बाहेर सरकतात आणि ठिणगी पाडणाऱ्या कॅमला थोडे पुढे वळवतात. पुष्कळ गाड्यांत आणखी एक पातळ पडद्याची डबी असते. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरते, विरळ मिश्रण सावकाश जळते. तेव्हा ही डबी कार्बोरेटरकडच्या निर्वाताच्या ओढीने ठिणगी आणखी आधी आणते. मिस्त्रीने बसवायचा असतो तो फक्त पाया, म्हणजे सुरुवातीचे काही अंश. पाया चुकला की वरचे सगळेच चुकते.

पद्मिनीचे दुखणे

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने निघाले की आंजी (मोठी) हे गाव लागते. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने आपली जुनी प्रीमियर पद्मिनी अजून जपून ठेवली आहे. ही गाडी मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून नव्या रूपात बनवली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, १,०८९ घन सेंटिमीटर येतात. शतक बदलता बदलता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून टिकून होती. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही बंद झाली. गाड्या गेल्या तसे त्यांचे टायमिंग बसवणारे हातही कमी होत चालले आहेत.

आंजीच्या पद्मिनीची कहाणी अशी. मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन गाडी निघाली, की चढावर ‘कट्कट्’ असा धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येई. मिस्त्रींनी टायमिंग मागे केले, म्हणजे ठिणगी उशिरा आणली. आवाज थांबला. पावसाळा गेला, थंडी आली, पण गाडी मरगळलेलीच. पिकअप नाही, पाणी तापते, पेट्रोल संपते. एंजिन उघडायला झाले असे कोणी म्हणाले. एंजिन उघडणे म्हणजे गाडीच्या किमतीइतका खर्च. मालकांनी ती भंगारात देण्याची भाषा सुरू केली. मिस्त्रींना विचारले तर ते म्हणाले, “सर, मी त कानानंच टायमिंग बसवतो.”

कानाने बसवणे ही काही टाकाऊ पद्धत नव्हे. अनुभवी कान पुष्कळ जाणतो. परंतु ज्या दिवशी कान लावला त्या दिवसाचे हवामान आणि त्या दिवसाचे पेट्रोल ह्यांच्यापुरतेच ते उत्तर असते. पुढच्या ऋतूत परत येऊन पाहायला खूण राहत नाही. म्हणून एंजिन उघडण्याआधी अंश मोजायचे ठरवले.

बल्बने टायमिंग

मोजण्यापूर्वी ठिणगी कशी तयार होते ते आठवा. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून आणि ‘पॉइंट’ नावाच्या लहानशा स्विचमधून जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या धातूकडे जातो. कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतात, प्रवाह एकदम तुटतो, लोखंडी गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या द्वितीयक वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्ट प्रवर्तित होतात. फॅरडेचा नियमच तो. पॉइंटजवळचा कंडेन्सर प्रवाह झटकन तोडायला मदत करतो. तो बिघडला तर ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी पॉइंटमध्येच पडते आणि पॉइंट जळतात. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास ही रचना मोटारीत आणली आणि पुढे साठसत्तर वर्षे जगभर तीच चालली.

तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट एकच : पॉइंट उघडतात तो क्षण ठिणगीचा.

म्हणूनच आधी पॉइंटमधील फट पाहतात. उंचवट्याच्या माथ्यावर ती सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो, तो फीलर गेजने बसवतात. कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते. टायमिंग आधी बसवून फट नंतर बदलली तर केलेले काम वाया जाते. हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा होताना मी पाहिला आहे.

मग पहिल्या सिलिंडरचा संपीडन घात शोधायचा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. चारही प्लग काढले की एंजिन हाताने सहज फिरते. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून एंजिन सरळ दिशेने फिरवत गेले, की अंगठा आतून ढकलला जातो. तो संपीडन घात. आता पुढची कप्पी पाहायची. तिच्यावर एक खूण असते आणि एंजिनाच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात.

इथे कोणी विचारील, की प्लगच्या भोकातून काडी घालून दट्ट्या किती वर आला हेच का पाहू नये? गणित करा. क्रँकची त्रिज्या ३७.५ मिलिमीटर. शिरोबिंदूच्या १० अंश आधी दट्ट्या टोकापासून एक मिलिमीटरही खाली नसतो! वर्तुळाच्या माथ्याशी उंची फार सावकाश बदलते. काडी तुम्हांला शिरोबिंदू ‘इथेच कुठेतरी’ आहे एवढेच सांगेल. कप्पीच्या कडेवर मात्र तेच अंतर स्पष्ट दिसते. कप्पीचा व्यास १४ सेंटिमीटर धरला तर परीघ ४४ सेंटिमीटर, आणि १० अंशांना सव्वा सेंटिमीटरभर जागा मिळते. मोजमाप कुठे घ्यावे हे ठरवणे म्हणजे निम्मा प्रयोग.

कप्पी पुस्तकात दिलेल्या अंशावर आणायची. खूण ओलांडून पुढे गेली तर नुसती जराशी मागे आणू नये. पुरेशी मागे नेऊन पुन्हा सरळ दिशेने आणावी, नाहीतर दात्यांतली मोकळीक मोजमापात शिरते. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे तोंड करून आहे ना, हेही पाहावे. कॉइलची मधली जाड वायर काढून एंजिनाच्या धातूला नीट टेकवून ठेवावी.

आता १२ व्होल्टचा लहान बल्ब घ्या. त्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला, दुसरी धातूला. चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर प्रवाह त्यांच्यातूनच जाईल, बल्ब लागणार नाही. पॉइंट उघडले की प्रवाहाला बल्बचीच वाट उरते, आणि तो लागतो. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून त्याचे अंग रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी हळू आणा. बल्ब लागला त्या जागी थांबा आणि बोल्ट आवळा. चावी लगेच बंद करावी, कारण पॉइंट मिटलेले असताना ती चालू राहिली तर कॉइल तापते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याला १ अंश वळवले की टायमिंग २ अंशांनी सरकते. म्हणून हात हलका हवा.

आंजीच्या गाडीत बल्ब केव्हा लागला? कप्पी शिरोबिंदू ओलांडून ४ अंश पुढे गेल्यावर. पॉइंटची फटही निम्मी उरली होती. फट नीट केली, टायमिंग पुस्तकाच्या आकड्यावर आणले, आणि एंजिन न उघडता गाडी ताळ्यावर आली. मिस्त्रींनी तो बल्ब आणि दोन तारा ठेवून घेतल्या.

ज्यांच्याकडे टायमिंग लाइट असतो त्यांना हीच तपासणी चालत्या एंजिनावर करता येते. पहिल्या प्लगला ठिणगी मिळाली की तो दिवा लखकन चमकतो. ७५० फेऱ्यांना त्या प्लगला सेकंदाला सव्वासहा ठिणग्या मिळतात. प्रत्येक वेळी कप्पी त्याच जागी असते, म्हणून फिरती खूण स्थिर दिसते. निर्वाताची डबी असेल तर तिची नळी काढून तोंड बंद करायचे, म्हणजे फक्त पाया मोजला जातो. दिव्याच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो! हात, ओढणी, सदऱ्याची बाही दूर ठेवा.

मे महिन्यातला आवाज

मिस्त्रींनी मे महिन्यात ठिणगी मागे का केली होती? कारण तो आवाज खरा होता आणि धोक्याचा होता. ज्योत सरकत असताना पुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाते, तापते. ते फार तापले तर ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेट घेते. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत इकडून तिकडे जाते. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९०० ते १,००० मीटर आणि व्यास ६८ मिलिमीटर धरला, तर ही कंपने सेकंदाला सात-आठ हजार येतात; तोच तो कट्कट् आवाज. ह्याला नॉकिंग म्हणतात. हलके नॉकिंग क्षणभर झाले तर बिघडत नाही, पण ते चालूच राहिले तर दट्ट्याचा माथा वितळून भोक पडू शकते.

विदर्भाचा उन्हाळा ह्यात भर घालतो. थंडीतली पहाट १२ अंश सेल्सिअस, म्हणजे २८५ केल्विन. मेमधली दुपार ४५ अंश, म्हणजे ३१८ केल्विन. संपीडनाचे प्रमाण ८ धरले तर केल्विन तापमान ढोबळमानाने १.८७ पट होते. गुणाकार केल्यावर बाहेरचा ३३ अंशांचा फरक सिलिंडरमध्ये सुमारे ६२ अंशांचा होतो. एक-दोन अंश टायमिंग मागे करणे उन्हाळ्यात शहाणपणाचे ठरू शकते. चौदा-पंधरा अंश मागे करणे म्हणजे ताप उतरवायला उपाशी ठेवणे.

पेट्रोलचाही ह्यात वाटा असतो. केटरिंग यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवण्याची युक्ती काढली. नॉकिंग थांबले, आणि ते विषारी शिसे पुढे अनेक दशके मुलांच्या फुप्फुसांत जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. इथेनॉलने नॉकिंगला विरोध वाढतो. परंतु जुन्या कार्बोरेटरची छिद्रे ठरावीक मापाची असल्याने मिश्रण काहीसे विरळ होते. मुंबईच्या टॅक्सी सी.एन.जी.वर गेल्या तेव्हा आणखी एक धडा मिळाला. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी काही अंश आधी लागते. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापासून आरंभ करावा आणि रस्त्यावर शेवटची पारख करावी : एंजिन गरम, वरचा गिअर, वेग ताशी ४० किलोमीटर, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. एक-दोन वेळा हलकासा कट्कट् होऊन विरला तर टायमिंग जमले. आवाज चालूच राहिला तर ठिणगी फार आधी पडते आहे. आवाज मुळीच नाही आणि ओढही नाही, तर उशिरा.

ठिणगी फार आधी आणण्यात आणखी एक भय होते. जुन्या ॲम्बॅसडरला किंवा जीपला हँडल मारताना एंजिन सावकाश फिरते. दाब शिरोबिंदूआधीच वाढला तर दट्ट्या मागे ढकलला जातो आणि हँडल उलटा दणका देते. त्या दणक्याने मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रकार इतके घडत, की वैद्यकात त्या अस्थिभंगाला ‘ड्रायव्हरांचा अस्थिभंग’ अशा अर्थाचे नाव पडले. हँडल धरताना अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवावा, हे जुने ड्रायव्हर शिकवीत ते उगाच नव्हे.

हल्लीच्या गाड्यांत पॉइंट नाहीत. एंजिनाला चिकटवलेला एक दाबविद्युत् स्फटिक ती सात-आठ हजारांची कंपने ऐकतो, आणि संगणक क्षणात ठिणगी मागे घेतो, आवाज थांबला की हळूहळू पुढे आणतो. आंजीच्या मिस्त्रींचा कानच तो, फक्त दर फेऱ्याला लावलेला.

बल्बची युक्ती घरी करून पाहता येते. टॉर्चचे दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसरीत जोडा, आणि दुसऱ्या बल्बच्या दोन टोकांना एक स्विच जोडा. स्विच मिटला की दुसरा बल्ब विझेल. पहिल्याचे काय होईल ते आधी वहीत लिहा, मग पाहा. आणि एक गणित : एका मोटारसायकलचे एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना ठिणगी शिरोबिंदूच्या ३० अंश आधी पडते आणि दाब शिरोबिंदूनंतर १५ अंशांवर शिगेला पोचतो. ज्वलनाला किती वेळ मिळाला? तो पद्मिनीपेक्षा कमी आला, तर सिलिंडरच्या व्यासाचा त्याच्याशी काही संबंध असेल का?